मदत हवी आहे: ऑक्टोबरात जर्मनीत मोटरहोमने दहा रात्री, मार्ग आणि थंडीची तयारी

सांजवेळ

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही चौघं (मी, नवरा, सासूबाई ६६, सासरे ७१) पुण्याहून फ्रँकफुर्टला उतरणार आहोत. तिथून साडेतीन टनी, सात मीटर लांबीचं मोटरहोम दहा रात्रींसाठी घ्यायचं ठरतंय. फियाट डुकाटोचा सांगाडा, ट्रुमाचं हीटर, मागे दोन वेगळे पलंग आणि पुढे छतातून खाली येणारा एक पलंग.

मार्ग असा डोक्यात आहे: फ्रँकफुर्ट – हायडेलबर्ग – रोटेनबुर्ग – फ्युसेन (नॉयश्वानश्टाइनचा किल्ला) – ब्लॅक फॉरेस्ट – ट्रियर – कोखेम – कोलोन – फ्रँकफुर्ट.

प्रश्न:
१. मार्ग जमेल का?
२. रात्री ३-४ अंशांपर्यंत तापमान उतरतं म्हणे. गॅस किती लागेल? पाणी गोठतं का?
३. स्वयंपाक पूर्ण शाकाहारी, रोज एक वेळ आत करायचा विचार आहे. कुकर, मिक्सर चालेल?
४. भारतीय लायसन्सवर काही अडचण?

मोझेलकाठ

मार्ग जमेल, पण तुम्ही जर्मनी नाही, जर्मनीतले हमरस्ते बघाल. हे सगळं मिळून चौदाशे किलोमीटरच्या आसपास जातं आणि मोटरहोमचा सरासरी वेग थांबे धरून ताशी ६०च्या वर जात नाही. त्यात ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातच्या आत मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग सव्वापाचलाच अंधार. त्याआधी परत येत असाल तर बरं.

फ्युसेन आणि ब्लॅक फॉरेस्ट काढून टाका. एकच खोरं घ्या: मोझेल नदीचं, आणि जोडीला ऱ्हाइनचा बिंगेन ते कोब्लेंझ हा तुकडा. द्राक्षवेलींची पानं पिवळी व्हायचा काळ हाच, आणि रीसलिंग द्राक्षांची तोडणीही ऑक्टोबरात चालू असते.

पहिली रात्र गाडी घेतलेल्या जागेपासून अर्ध्या तासावर. रात्रभरच्या विमानप्रवासानंतर गाडी समजून घेण्यातच दीड-दोन तास जातात. दुसऱ्या दिवशी बिंगेनहून ऱ्हाइनच्या डाव्या काठाने, बी ९ रस्त्याने बाखाराख, सांक्ट गोआर, बोप्पार्ड करत कोब्लेंझ. हे ६०-६५ किलोमीटर दिवसभर पुरतात. इथे मुक्काम मात्र टाळा. दोन्ही काठांवर रेल्वे आहे, मालगाड्या रात्रभर धावतात आणि आवाज दरीत घुमतो.

कोब्लेंझपासून मोझेलला लागा. आधी बी ४९, आल्फपासून पुढे बी ५३. नदीकाठाने ट्रियर साधारण १९० किलोमीटर. कोखेमला दोन रात्री. तिथून बाइलश्टाइन, आणि ब्रेमचा काल्मोंट पाहता येईल: उतार ६५ अंशांपर्यंतचा, युरोपातल्या सर्वांत उभ्या द्राक्षमळ्यांपैकी. मग ट्राबेन-ट्रारबाख किंवा बर्नकास्टेल-कुएसला तीन रात्री. कोब्लेंझ–ट्रियर मुख्य रेल्वेमार्ग बुले आणि प्युंडरिखच्या पुढे नदी सोडून व्हिटलिखकडे वळतो, त्यामुळे या पट्ट्यात झोप शांत लागते. शेवटी ट्रियरला दोन रात्री आणि बी ५०ने होखमोझेल पुलावरून परत. २०१९मध्ये सुरू झालेला हा पूल १.७ किमी लांब आणि सुमारे १६० मीटर उंच आहे. वारा असेल तर दोन्ही हात स्टिअरिंगवर.

कोखेमच्या वाटेवर एल्ट्झचा किल्ला आहे. तो १ नोव्हेंबरला हंगामापुरता बंद होतो. वाहनतळापासून सव्वा किलोमीटरचा उतार, वर येताना चढ. आईबाबांसाठी छोटी बस धावते, तीच घ्या.

पानगळ

रोटेनबुर्ग मात्र पूर्ण सोडू नका असं माझं मत. ट्रियरच्या दोन रात्रींपैकी एक कमी करून टाउबरचं खोरं घ्यावं, वेर्टहाइम – बाड मेर्गेंटहाइम – रोटेनबुर्ग. तटबंदीच्या आत मोटरहोम न्यायचंच नाही, बाहेरच्या वाहनतळांवर मुक्कामाची सोय आहे.

मोझेलकाठ

@पानगळ, टाउबर सुंदरच आहे, वाद नाही. पण ते ट्रियरच्या बरोबर उलट्या दिशेला, फ्रँकफुर्टच्या पलीकडे. एका रात्रीसाठी जाऊन-येऊन जवळपास दोन दिवस मोडतात. घ्यायचंच तर मोझेलच्या ऐवजी घ्या, मोझेलनंतर नको.

डिझेलवाला

मार्गाचं त्यांनी सांगितलंच आहे, मी गाडीकडे येतो. ऑक्टोबरात माणसं अडकतात ती बहुतेक गॅस, पाणी आणि वजन या तीन गोष्टींत.

गॅस: जर्मनीत ११ किलोच्या दोन बाटल्या असतात. बाटली प्रोपेनचीच हवी. ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश, त्यामुळे थंडीत ब्युटेन बाटलीत द्रवच राहतो आणि शेगडी मंदावते. प्रोपेन उणे ४२पर्यंत वायू होतो. ट्रुमा कोम्बी ६ हीटर पूर्ण जोरावर तासाला ४८० ग्रॅमपर्यंत जाळतं, पण थर्मोस्टॅट रात्री १६-१७वर ठेवला तर ते चालू-बंद होत राहतं. हीटर, गरम पाणी, फ्रिज आणि शेगडी मिळून दिवसाला १ ते दीड किलो धरा. म्हणजे दोन बाटल्या दहा रात्रींना पुरतात, मात्र दोन्ही भरलेल्या मिळाल्या पाहिजेत. ताबा घेताना बाटली उचलून बघा: रिकामी स्टीलची बाटलीच दहा-बारा किलोची असते, भरलेली त्याच्या दुप्पट लागते. एक संपल्यावर दुसरीकडे आपोआप वळणारा रेग्युलेटर आहे का हेही विचारा. नसेल तर पहाटे तीनला कुणीतरी बाहेर जाणार.

पाणी: तुमचं पाणी गोठण्याआधी वाहून जाईल, ते जास्त त्रासाचं. ट्रुमाच्या दहा लिटरच्या बॉयलरला फ्रॉस्टकंट्रोल नावाचा झडपेचा तुकडा असतो. त्याच्या आसपास तापमान ३ अंशांच्या खाली गेलं की तो आपोआप उघडतो आणि पाणी गाडीखाली सोडतो. पंप चालू राहिला तर टाकीही रिकामी होते. आणि ती झडप ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय बंद होत नाही, कितीही दाबा. क्रम असा: आधी हीटर लावा, झडप ज्या कपाटात किंवा पलंगाखाली आहे त्याचं दार उघडं ठेवा, ऊब पोहोचली की खिट्टी फिरवून बटण आत ढकला, मगच पंप चालू करून पाणी भरा. काही जण कपड्याचा चिमटा लावून झडप अडकवतात. मग पाणी गोठून बॉयलर फुटला तर ते बिल तुमचं. दिवसभर फिरायला जाताना हीटर पूर्ण बंद न करता १०-१२वर सोडा, म्हणजे ही वेळ येत नाही.

पहिल्या गोठणाऱ्या रात्रीच्या आसपास बऱ्याच मुक्काम-तळांवरचे पाण्याचे नळही बंद करतात. नळ चालू दिसला की टाकी भरा.

वजन: साडेतीन टनी गाडीचं चालक धरून वजन तीन टनांच्या आसपास असतं. उरले ५०० किलो. बाकी तिघं २२०, चार बॅगा ८०, किराणा-भांडी ४०, भाड्याने घेतलेलं टेबल, खुर्च्या आणि बाहेरचा तंबू ६०. चारशे झाले. पूर्ण भरलेली पाण्याची टाकी अजून शंभर. प्रवासात टाकीत २०-३० लिटर ठेवा, मुक्कामाजवळ भरा. तंबू तर घेऊच नका, ऑक्टोबरात त्यात कोण बसणार. बॅगा मऊ कापडाच्या आणा, कडक सुटकेस कपाटात जात नाहीत.

वीज: तळावर फ्यूज किती अँपिअरचा ते विचारा. ६ अँपिअर म्हणजे १३८० वॉट, १६ म्हणजे ३६८०. तुमचं हीटर विजेवरही चालणारं असेल तर त्याला ९०० आणि १८०० वॉट अशा दोन पायऱ्या असतात. ६ अँपिअरवर १८०० लावलं की फ्यूज उडालाच. वायरचं रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेल्या वायरीत उष्णता साठते आणि आवरण वितळतं.

जाता जाता: डुकाटोला डिझेल, ॲडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रव) आणि पिण्याचं पाणी अशी तीन वेगवेगळी झाकणं असतात. निळं झाकण ॲडब्लूचं. चुकीच्या तोंडात काही गेलं तर इंजिन सुरू करू नका, सरळ भाडेकंपनीला फोन.

सांजवेळ

बापरे, केवढी माहिती! मनापासून धन्यवाद. फ्युसेन कापलं, रोटेनबुर्गवरही पाणी सोडलं. @डिझेलवाला, फ्रॉस्टकंट्रोलचं कुठेच वाचलं नव्हतं. आता आईबाबांच्या दृष्टीने: तळ की कॅम्पिंग? नवरा म्हणतो तळ स्वस्त, वर काही रात्री रस्त्याकडेलाही काढता येतील.

उपासाची_मिसळ

रस्त्याकडेचा विचार सोडा. जर्मनीत थकलेल्या चालकाला पुढे जाण्याइतकी विश्रांती घेण्यासाठी वाहनतळावर एक रात्र थांबता येतं, तेही मनाई नसेल तिथे. खुर्च्या बाहेर मांडल्या की ती विश्रांती राहत नाही. जंगलात किंवा द्राक्षमळ्यातल्या शेतरस्त्यावर तर नाहीच, तोडणीचे ट्रॅक्टर तिथूनच जातात.

श्टेलप्लाट्झ म्हणजे मोटरहोमचा तळ. रात्रीला साधारण १० ते २० युरो. पाणी आणि वीज बहुधा नाण्यांवर, म्हणून ५० सेंट आणि १ युरोची नाणी साठवा. बऱ्याच ठिकाणी आरक्षण होत नाही. ऑक्टोबरात शाळांना सुट्ट्या असतात, त्यामुळे कोखेम-बर्नकास्टेलला शुक्रवारी दुपारी दोनच्या आत पोहोचा. कॅम्पिंग महाग, चौघांना ३०-४५ युरो, पण गरम पाण्याची न्हाणीघरं असतात. दहा लिटरच्या बॉयलरमध्ये चौघांची आंघोळ म्हणजे तिसऱ्याला कोमट आणि चौथ्याला गार. वडीलधारे सोबत असताना दर तिसरी रात्र कॅम्पिंगला काढावी. अनेक कॅम्पिंग ऑक्टोबरअखेर बंद होतात, आधी फोन करा.

जागा निवडताना गवत नको, खडी किंवा फरसबंदी बघा. डुकाटोची पुढची चाकं ओढतात, आणि ओल्या गवतावर मागे वजन असलेल्या गाडीची ही चाकं जागच्या जागी फिरतात. अडकलात तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाकाखाली पायपुसणं टाकून आलात त्याच वाटेने मागे घ्या.

संडासाच्या कॅसेटमध्ये १७-१९ लिटर मावतं. चौघं असाल तर रोज किंवा दिवसाआड रिकामी करायची, फक्त ठरवलेल्या जागी. परत देताना भरलेली राहिली तर शंभराच्या वर युरो कापतात.

आता स्वयंपाक. दोन-तीन लिटरचा कुकर गॅसवर छान चालतो. पाच लिटरचा ठेवला तर दुसऱ्या शेगडीवर तवा मावत नाही. कुकरची वाफ थंड काचांवर जमते आणि सकाळी गाद्या ओलसर लागतात. शिट्ट्या होईपर्यंत छताची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, फोडणीच्या वेळी पूर्ण. शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही, कार्बन मोनॉक्साइडचा धोका. जमिनीलगतच्या झरोक्यांवर पायपुसणं किंवा बॅगाही ठेवू नका. मिक्सर ७५० वॉटचा असेल तर तळाच्या विजेवर चालेल. वायर जोडलेली नसताना आतल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये वीज नसते, त्यामुळे चटण्या कोरड्या घेऊन या.

आणायचं काय ते नीट बघा: युरोपीय संघात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा घरीच. ताजा कढीपत्ता आणि मिरच्याही नकोत, वाळवलेला कढीपत्ता चालतो. तुपाला तिथल्या दुकानात बुटरश्माल्त्स मागा, आपल्या तुपाच्या जवळचं. रविवारी दुकानं बंद, शनिवारी दुपारीच सामान भरा.

आणि फेडरव्हाइसर घेतलीत तर बाटली उभीच ठेवा. ही अर्धवट आंबलेली द्राक्षाची वाइन ऑक्टोबरभर मिळते. वायू सुटत असतो म्हणून झाकण मुद्दाम सैल असतं. फ्रिजमध्ये आडवी ठेवली की पहिल्या वळणावर सगळा फ्रिज चिकट. गोड लागते, पण चालकाने नको.

सांजवेळ

सासरे हसले फेडरव्हाइसरवर, त्यांच्यासाठी नुसता द्राक्षाचा रस. लायसन्सचं कुणी सांगाल का? आणि ऱ्हाइनवरून फेरीबोटीने पलीकडे लोरेलायच्या कड्याला जायचंय, मोटरहोम चढतं का?

डिझेलवाला

मूळ लायसन्स आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही सोबत. नुसता परवाना चालत नाही. दुसरा चालक असेल तर त्याचंही नाव करारात हवं. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं मागतात, मर्यादा आधी वाढवून घ्या. विम्यात छताचं आणि गाडीखालचं नुकसान धरलंय का ते बघा, बऱ्याचदा नसतं. गाडीची उंची कागदावर लिहून काचेला चिकटवा, रेल्वेखालचे बोगदे काही ठिकाणी अडीच मीटरचे असतात. हमरस्त्यावर काम चालू असेल तिथे डाव्या लेनला २.१ किंवा २.२ मीटर रुंदीची मर्यादा लिहिलेली असते. त्यात आरसेही येतात. उजव्या लेनमध्येच राहा.

टायरवर डोंगर-हिमकणाचं चिन्ह आहे का तेही बघा. रस्त्यावर बर्फ किंवा ओला बर्फ असेल तर तसे टायर बंधनकारक आहेत आणि १ ऑक्टोबर २०२४पासून नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फासाठीची जुनी खूण) लिहिलेलं चालत नाही. नदीकाठी ऑक्टोबरात बर्फ सहसा नसतो, पण हुन्सर्युकच्या डोंगरावर सकाळी रस्ता निसरडा असू शकतो.

फेरी चढते. मोटरहोमचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे जातो, आणि शरद ऋतूत ऱ्हाइनचं पाणी खाली असतं. २०१८च्या ऑक्टोबरात ऱ्हाइनकाठच्या काउब गावच्या मोजपट्टीवर २५ सेंटिमीटरपर्यंत उतरलं होतं. पाणी खाली म्हणजे उतरंड तीव्र, आणि मागचा बंपर घासतो. रांगेत असतानाच फेरीवाल्याला गाडीची लांबी सांगा, पहिल्या गिअरमध्ये किंचित तिरकं चढा, आणि कुणालातरी खाली उतरून मागे बघायला सांगा. पाणी फारच उतरलं असेल तर सांक्ट गोआरला गाडी लावून पायी फेरीने जा. लोरेलायचा कडा तसाही अलीकडच्या काठावरूनच चांगला दिसतो.

मोझेलकाठ

ट्रियरहून पंधरा किलोमीटरवर लक्झेंबर्गचं व्हासरबिलिग आहे, डिझेल तिथे स्वस्त पडतं. करारात लक्झेंबर्गला जायला परवानगी आहे ना ते बघून जा. शनिवारी रांग लागते, आठवड्यातल्या सकाळी जा.