द्राक्षबागेचा डेटा भरपूर, लेबलं थोडी: मल्टी-व्ह्यू कर्नेलचा कोड कसा चालवावा?

मिरज_डेटा: तासगाव भागातले २२ प्लॉट. फळछाटणीनंतर प्रत्येकी १४ भेटी, दर भेटीत पानांचे १६ फोटो, म्हणजे एकूण ४,९२८. शिवाय हवामान यंत्राचं तापमान, आर्द्रता आणि पान ओलं राहिल्याचे तास. 'डाऊनी (द्राक्षावरचा केवडा रोग) आहे की नाही' हे फक्त ६० भेटींचं तपासून मिळालंय, तीच माझी लेबलं. एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी बघायचं, म्हणजे फोटो एक व्ह्यू, हवामान दुसरा. मल्टी-व्ह्यू कर्नेल पद्धतीचा संशोधकांनी दिलेला कोड मॅटलॅबमधला आहे, माझ्याकडे लायसन्स नाही, लॅपटॉप ८ जीबीचा. ऑक्टेव्हवर (मॅटलॅबसारखं मोफत सॉफ्टवेअर) चालवू की पायथनमध्ये नव्याने लिहू?

कृष्णाकाठ: ते नंतर बघू. आधी एक नमुना म्हणजे नक्की काय, ते ठरवा. फोटोला नमुना धरलात तर एका भेटीतल्या सोळाही फोटोंना हवामानाची ओळ एकच येते. हवामानाचं कर्नेल (दोन नमुने किती सारखे, हे मोजणारं फंक्शन) त्या सोळांना वेगळं ओळखूच शकत नाही. मग दोन्ही व्ह्यूंचं उत्तर जुळवणारी टर्म (सूत्रातला भाग) निरोगी पानालाही शेजारच्या डागाळलेल्या पानाच्या उत्तराकडे ओढत नेते. पॅरामीटर कितीही फिरवा, हे सुटणार नाही.

'प्लॉट आणि भेट' मिळून एक नमुना धरा: ३०८ नमुने, लेबलं ६०. दोन भेटींमधलं फोटोंचं कर्नेल काढताना १६ × १६ जोड्यांची सरासरी घ्या. दोन व्ह्यूंचं एकत्र मॅट्रिक्स फोटोवार ९,८५६ × ९,८५६ होतं, म्हणजे जवळपास ७७७ एमबी, आणि सोडवताना त्याच्या प्रतीही होतात. भेटीवार ते ६१६ × ६१६ उरतं, जेमतेम ३ एमबी. लॅपटॉपची काळजी मिटली.

हरिपूर_कोड: ऑक्टेव्हवर आधी कोडसोबतचा नमुना डेटा चालवून बघा. मेक्सच्या (मॅटलॅबसाठी सी कोडमधून बांधलेल्या) तयार फाइली तिथे चालत नाहीत, मूळ सी कोड असेल तरच 'एमकेऑक्टफाइल'ने पुन्हा बांधता येतात. डेटा मॅट फाइलच्या (मॅटलॅबची डेटा फाइल) ७.३ आवृत्तीत असेल तर पायथनमधल्या सायपायचं 'लोडमॅट' तो वाचत नाही. एच५पाय या पायथन लायब्ररीने उघडा, पण अ‍ॅरे उलटा (ट्रान्सपोज होऊन) येतो, तो सरळ करून घ्या.

लेबलं बारकाईने बघा. अशा कोडमध्ये बहुधा +१ आणि −१ हे वर्ग असतात, ० म्हणजे लेबल नाही. पायथनच्या सायकिट-लर्न लायब्ररीत −१ म्हणजेच लेबल नाही. तीच फाइल दोन्हीकडे दिली की 'डाऊनी नाही'वाल्या सगळ्या भेटी गुपचूप लेबलाविना होतात आणि एररही येत नाही.

सिग्माचंही (कर्नेलची रुंदी ठरवणारा आकडा) तसंच. कुणी अंतराचा वर्ग सिग्माने भागतो, कुणी सिग्माच्या वर्गाच्या दुपटीने. पेपरमधला आकडा उचलण्याआधी कोडमधली ती ओळ वाचा. सुरुवातीला प्रत्येक व्ह्यूसाठी जोड्यांमधल्या अंतरांचा मध्यक घ्या. तापमान आणि तास आधी एका मापावर आणा.

कृष्णाकाठ: आणि ही चाचणी टाळू नका. एकच व्ह्यू ठेवा, ग्राफची टर्म (सारख्या नमुन्यांना सारखं उत्तर द्यायला लावणारी) आणि जुळवणीची टर्म शून्य करा. लॉस (चुकीचं माप) फरकाच्या वर्गाचा असेल तर उत्तर साध्या कर्नेल रिज या पद्धतीशी दशांशांपर्यंत जुळायला हवं. लॉसला लेबलसंख्येने भागलेलं असेल, तर रिजचा अल्फा म्हणजे लेबलसंख्या गुणिले गॅमा-ए (मॉडेल साधं ठेवणाऱ्या टर्मचं वजन). गॅमा-ए ०.०१ असेल तर तुमच्याकडे ०.६. इथे फरक दिसला तर पुढचं ट्युनिंग वाया.

मिरज_डेटा: भेटीवार करतो. टेस्टसाठी २० टक्के भेटी रँडम काढू का? आणि यंत्र बंद होतं त्या भेटींचं काय?

हरिपूर_कोड: रँडम नको, अख्खे प्लॉट बाजूला काढा, चार-पाच. एकाच यंत्राखालचे शेजारी प्लॉट एकाच बाजूला राहू द्या, नाहीतर हवामानाची तीच ओळ मॉडेल शिकवायच्या डेटात (ट्रेन) असेल आणि टेस्टमध्येही. टेस्टच्या भेटी लेबलाविना ग्राफमध्ये घेतल्या असतील तर निकालासोबत तसं लिहा, कारण नव्या बागेवर तो आकडा मिळेलच असं नाही. यंत्र बंद असलेल्या भेटींना शून्य भरू नका, शून्य तास ओलावा हे खरं मोजमाप आहे. त्या फोटोच्या व्ह्यूमध्ये ठेवा आणि जुळवणीच्या टर्ममधून तेवढ्या ओळी वगळा.