मदत हवी आहे: ४ बाय ७ च्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन नेमकं कुठे ठेवू?

रानजाई

नमस्कार मंडळी,

पुण्यात धायरीला टू बीएचके घेतलाय, दसऱ्याला राहायला जायचंय. प्लंबर रोज विचारतोय, "ताई, मशीनची जागा सांगा, नळ आणि ड्रेनेज काढून टाकतो." एकदा टाइल्स फोडून पाइप गाडले की नंतर बदल करणं जिवावर येतं, म्हणून आधी इथे विचारते.

जागा अशी आहे. स्वयंपाकघरातून दार उघडून उभं राहिलं की समोर ७ फूट लांब आणि ४ फूट रुंद ड्राय बाल्कनी. समोरच्या आखूड भिंतीला सरकती खिडकी, तिचा कट्टा जमिनीपासून ३ फुटांवर. खिडकी पश्चिमेला आहे, त्यामुळे जुलैत पाऊस सरळ आत येतो. खिडकीखाली डाव्या कोपऱ्यात भांड्यांची मोरी, दीड फूट रुंद आणि अडीच फूट लांब, नहाणी ट्रॅप (सांडपाणी जाण्याचं जाळीचं तोंड) तिथेच. मोरीचा नळ खिडकीच्या भिंतीवर. उजवी भिंत पूर्ण मोकळी, तिच्यावर दाराजवळ १६ अँपिअरचा पॉइंट.

बिल्डरच्या नकाशात उजव्या भिंतीच्या बरोबर मध्यावर मशीनचा चौकोन काढलाय. कागदावर छान दिसतं. आम्ही फ्रिजच्या खोक्याचा ६० बाय ६० सेंटिमीटरचा पुठ्ठा कापून तिथे ठेवला, मागे पाइपांसाठी १० सेंटिमीटर जागा सोडली, आणि सासूबाई स्टूल घेऊन मोरीपाशी बसल्या. त्यांचा उजवा गुडघा पुठ्ठ्याला टेकला. मशीन आणि डाव्या भिंतीच्या मध्ये जेमतेम ५२ सेंटिमीटर उरतात. फ्रंट लोडचं दार उघडलं तर कपडे काढायला उभं कुठे राहायचं? आणि कामाच्या मावशी रोज तासभर तिथे बसून भांडी घासणार. त्यांना अंग चोरून बसावं लागेल अशी रचना मला करायचीच नाही.

दुसरी जागा म्हणजे खिडकीखालचा उजवा कोपरा, मोरीच्या शेजारी, मशीनचं तोंड स्वयंपाकघराकडे. इथे भीती पाण्याची: एका बाजूने मोरीचे शिंतोडे, वरून पाऊस.

तिसरी जागा दाराला लागून उजवीकडे. पॉइंट जवळ, पण ट्रॅप पाच फूट लांब. ड्रेनचा पाइप जमिनीवरून न्यावा लागेल आणि येता-जाता पायात येईल.

आणखी तीन गोष्टी. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना फार वाकवत नाही, आणि दुपारचे कपडे त्याच लावतात. शिवाय आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, सातव्या. तिसरं म्हणजे भाड्याच्या घरी फ्रंट लोड होतं, त्यात पाणी भरायचं आणि भरता भरता निघून जायचं, दोन दोन तास धुणं संपायचं नाही. बसवणारा मुलगा ड्रेनचा पाइप मोरीत जमिनीवर टाकून गेला होता. एकदा तर तो पाइप मोरीतून निसटला आणि पाणी थेट स्वयंपाकघरात शिरलं, खालच्या कप्प्यातले गहू भिजले. ते परत नको.

ज्यांच्याकडे अशीच चिंचोळी बाल्कनी आहे त्यांनी कृपया सांगा.

मोगरा_२

ताई, आमची बाल्कनी याहून अर्धा फूट अरुंद. आम्ही पहिल्यांदा बिल्डरच्या चौकोनातच ठेवलं आणि आठ महिन्यांनी हलवलं. दुसरी जागा घ्या. तोंड लांबीच्या दिशेला आलं की समोर चार फूट मोकळं मिळतं. एक गोष्ट दुकानात उघडून बघाच: बहुतेक फ्रंट लोडची बिजागरी डावीकडे असते आणि ती बदलता येत नाही. तुमच्या कोपऱ्यात दार डावीकडे, मोरीवर उघडेल. कपडे काढताना तिथे कोणी बसलेलं नसेल तर त्रास नाही.

ओळंबा

साइटवर रोज हेच बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझंही मत दुसऱ्या जागेलाच. हिशोब करा: रुंदी १२२ सेंमी, मोरी ४५, उरले ७७. मशीन ६० चं. दोन्ही बाजूंना मिळून १७ सेंमी राहतात, पुरे आहेत. मशीन भिंतीला किंवा मोरीच्या कठड्याला टेकता कामा नये, नाहीतर स्पिनला धडधड सगळ्या घरात ऐकू येते.

मशीनखाली दोन इंच उंच बांधून वर कडप्पा टाका. फ्रंट लोड साधारण ८५ सेंमी उंच असतं, म्हणजे ९० पर्यंत जाईल आणि खिडकीच्या कट्ट्याला बरोबर लागेल. मोरी तुंबली तरी पाणी मशीनखाली जाणार नाही. चाकांचं स्टँड घेऊ नका, फ्रंट लोड त्यावर स्थिर राहत नाही. वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढल्याशिवाय मशीन चालू करू देऊ नका, आणि लेव्हल लावून झाली की पायांची चेकनट (पाय ढिले होऊ न देणारी नट) आवळायला सांगा.

आता ड्रेनेज. तुमचं जुनं मशीन बिघडलेलं नव्हतं. फ्रंट लोडच्या ड्रेनचं टोक साधारण ६० ते १०० सेंमी उंचीवर असावं लागतं. ते जमिनीवर पडलं की सायफन होतो आणि भरलेलं पाणी आपसूक ओढलं जातं. म्हणून मशीन आणि मोरीच्या मध्ये भिंतीत दीड इंची पाइप उभा घ्या, तोंड ७० सेंमीवर, खालचं टोक मोरीच्या ट्रॅपमध्ये. मशीनचा पाइप त्यात सैल राहू द्या, टेप गुंडाळून हवाबंद करू नका. पण टॉप लोड घेणार असाल तर उलटं आहे. ज्यात पंप नसतो त्याचं पाणी उतारानेच जातं, पाइप वर नेला तर निघतच नाही. त्यामुळे मशीन आधी ठरवा, भिंत नंतर फोडा.

मशीनचा नळ मागे नको. उजव्या भिंतीवर, मशीनच्या वर, हात पोहोचेल असा घ्या. काम झालं की बंद करायची सवय लागते.

दाराजवळच्या पॉइंटपासून मशीनची वायर पोहोचणार नाही आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. हीटर चालू असताना २ किलोवॅटच्या आसपास भार असतो, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. उजव्या भिंतीवर, खिडकीपासून दोन-अडीच फूट अलीकडे आणि साडेचार फूट उंचीवर नवा पॉइंट काढा, २.५ चौ. मिमी तांब्याची वायर, चांगलं अर्थिंग, आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना ते तपासा.

वरचा मजला म्हणालात, तिथे टाकी जवळ असल्याने पाण्याचा दाब कमी मिळतो. टाकीचा तळ मशीनच्या नळापेक्षा किती उंच आहे ते मोजा. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. मशीनला किमान किती लागतो ते पुस्तिकेत असतं, मॉडेलनुसार ०.३ पासून १ बारपर्यंत.

दूरदेशी

मी जर्मनीत असतो. इथे बऱ्याच घरांत मशीन बाथरूममध्ये असतं आणि ड्रायर त्याच्या डोक्यावर. पुढे ड्रायर घ्यायचा विचार असेल तर खिडकीखाली तो चढणार नाही, दोन्ही मिळून १७० सेंमी होतात आणि अर्धी खिडकी झाकली जाते. तेवढ्यासाठी तिसऱ्या जागेचा विचार करून बघा. ड्रायर नेहमी वर, मशीन खाली, आणि मध्ये त्या मॉडेलची जोडपट्टी.

मोगरा_२

ड्रायरऐवजी छताला पुली लावा, उजव्या भिंतीच्या कडेने. पावसाळ्यात खाली पंखा सोडला की आमचे कपडे रात्रीत वाळतात. आणि सासूबाईंसाठी टॉप लोडचा विचार जरूर करा. झाकण उघडल्यावर उंची साधारण १४० सेंमी होते, खिडकीसमोर ते सहज मावतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत बरंच ठरलं.

दुसरी जागा पक्की. ड्रायर घेणार नाही, पुली लावणार. काल गच्चीवर जाऊन मोजलं: टाकीचा तळ आमच्या नळाच्या साधारण ४ मीटर वर आहे, म्हणजे ०.४ बार. ०.३ वर चालणारंच मशीन घेणार. सासूबाईंना दुकानात नेलं. टॉप लोडच्या तळातला ओला टॉवेल काढायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. फ्रंट लोडसमोर छोट्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "हे बरं, मांडीवर टोपली घेऊन काढीन." सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, तेव्हा कमी पाण्यात धुणारं फ्रंट लोडच घेतोय.

पावसासाठी खिडकीला बाहेरून दीड फुटाचा पत्र्याचा छज्जा बसवतोय, आणि मशीनवर कव्हर.

आज मावशींना नवीन घरी नेऊन पुठ्ठ्याशेजारी बसवलं. गुडघा कुठेच लागला नाही. त्यांनी हात लांब करून दाखवला आणि म्हणाल्या, "ताई, नळ खिडकीच्या भिंतीवरून डाव्या भिंतीवर घ्या. मोठं पातेलं फिरवताना मशीनवर आदळेल." मी खडूने तिथे फुली मारून ठेवलीय. प्लंबर सोमवारी येतोय.