अडीच महिन्यांच्या लेकीला घेऊन अथणीकडं जायचंय, उन्हाचं कसं जपू?

वडगावची लेक (बेळगाव)

नमस्कार. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेय. लेक आता अडीच महिन्यांची झाली. पुढच्या रविवारी सासरी जायचंय, अथणीजवळच्या गावात. बेळगावात दुपारी कितीही तापलं तरी संध्याकाळी वारं सुटतं, वळीव पडला तर रात्री पांघरूण घ्यावं लागतं. तिकडं तसं नाही. घर पत्र्याचं आहे. रात्री दहा वाजता भिंतीला हात लावला तरी गरम लागते, आणि ऐन दुपारी लाईट जाते.

सासूबाई रोज फोनवर सांगतात, "दोन चमचे उकळून गार केलेलं पाणी दे, घसा सुकत असंल लेकराचा." टोपरं आणि कुंची काढायची नाही, असंही. आईचंही तेच म्हणणं. काल दुपारी मी टोपरं काढलं तर केस घामानं डोक्याला चिकटलेले, मानेच्या वळीत बारीक लाल पुरळ. आईनं पावडर लावली, तासाभरात वळीत तिचा लगदा झाला आणि पोर जास्तच रडायला लागली. मलाही रडू आलं. पाणी द्यायचं का? रात्री कसं निजवायचं? प्रवास कधी करू? कुणीतरी नीट सांगा.

निपाणी, दोन मुलांची आई

अगं, माझा धाकटा मार्चमधला, म्हणून सांगते. विकतचे जाड लंगोट दिवसा बंद कर. घरातलं जुनं सुती लुगडं फाडून त्याचे लंगोट आणि दुपटी कर. पण इरकलीचा काठ आधी कापून टाक. मी एका दुपट्याला तसाच ठेवला होता, तर बाळाच्या हनुवटीखाली ओरखडा उठला.

पहाटेची पहिली गाडी धर आणि डावीकडच्या खिडकीशी बस, सकाळचं ऊन उजवीकडनं येतं. ऊन लागतंय म्हणून तोंडावरनं पदर किंवा शाल ओढून घेऊ नकोस. आत हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं.

चिक्कोडी तालुका, निवृत्त नर्स

पोरी, आधी पाण्याचं ऐक. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी एक चमचासुद्धा नको, उन्हाळ्यातही नको. आईच्या दुधात शंभरातले 87 भाग पाणीच असतं, तहान त्यातच भागते. वरनं पाणी पाजलं की एवढंसं पोट त्यानंच भरतं, दूध कमी जातं. मूत्रपिंडं अजून कोवळी असतात, जास्त पाण्यानं रक्तातलं मीठ उतरतं आणि झटकेही येऊ शकतात. पाणी उकळलेलं असलं तरी हे टळत नाही. मी घरोघर फिरायचे तेव्हा कन्नड घरात "नीर कुडिसब्याड्री" आणि मराठी घरात "पाणी पाजू नका", दिवसभर हेच सांगायचे. तुझ्या सासूबाईंच्या मनात माया आहे, ती माया दुसरीकडं वळव. त्यांना म्हण, बाळाला नको, मला तांब्या भरून द्या. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जुनी रीत उन्हाळ्यात फार वाईट. पाणी, ताक, पेज पोटभर घे आणि बाळ मागेल तेव्हा पाज. उन्हात ती थोडं थोडं, सारखं मागेल. दूध कमी पडलं असं समजू नकोस.

टोपरं घरात काढ. लहान बाळाची बरीच ऊब डोक्यातनंच बाहेर पडते, ती वाट बंद करायची नाही. गरम होतंय का हे हातापायांवरनं कळत नाही. मानेमागं आणि छातीला हात लाव. तिथं घाम असला तर एक कपडा कमी कर. पत्र्याखाली दुपारी नुसतं झबलं आणि लंगोट पुरे. साडीची झोळी दिवसा नको, तिन्ही बाजूंनी कापड आवळतं, वारा लागत नाही. सपाट अंथरुणावर उताणं निजव, पंखा फिरता ठेव, झोत थेट तोंडावर नको. कूलर लावलास तर खिडकी उघडी ठेव, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. आणि धुरी-शेगडी बंदच. कोंडलेल्या खोलीतला निखाऱ्याचा वायू जीव घेतो.

पुरळ म्हणजे घामोळं. पावडर नको, ती श्वासातनं छातीत जाते. साध्या पाण्यात सुती फडकं पिळून वळी हलक्या हातानं पूस, कोरडी कर, उघडी राहू दे. थोडे दिवस मानेला तेल चोळू नकोस.

आता हे लक्षात ठेव. दिवसरात्रीत सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. त्याहून कमी झाले, तोंड कोरडं पडलं, टाळू खोल गेली, बाळ मलूल झालं किंवा पिईना, तर घरचे उपाय करत बसू नकोस, लगेच दवाखाना. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असली तरी. थर्मामीटर घेऊन जा, कपाळावरच्या हातानं नेमकं कळत नाही.

रायबागकडचा बाप

ताई, पत्र्यावर चुना कालवून दोन हात द्यायला सांगा. आमच्याकडं दिला, दुपारी खोलीत फरक कळतो. वर उसाचं पाचट पसरतात, ते नको. वाळलं की पेट घेतं आणि त्यात उंदीर-साप येतात.

वडगावची लेक (बेळगाव)

नर्सबाईंचं लिहिणं मी सासूबाईंना फोनवर सगळं वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "व्हय, माझ्या थोरल्याला मी पाणी पाजलं होतं, दूध सोडलंच त्यानं." मामंजी उद्या चुना आणणार आहेत. टोपरं मात्र गाडीतनं उतरताना घालायचं, एवढं त्यांनी कबूल करून घेतलंय. कालपासून वळी उघडी ठेवली, लाली कमी वाटतेय. आज सात लंगोट ओले झाले, मोजले.