मदत हवी आहे: बेटावरचं सांडपाणी आणि काच

नमस्कार मंडळी, एका लहान बेटाच्या स्वच्छता समितीत काम करतो. ओल्या कचऱ्याचं खत होतं, ती चिंता नाही. अडलंय सांडपाण्यावर. जमीन रेताड, सेप्टिक टँकचं पाणी शोषखड्ड्यातून सरळ खाली उतरतं. बेटाखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं आणि विहिरी त्याच पातळ थरावर. परवा बादली वर काढली तर वास आला, फार वाईट वाटलं. हंगामात पाहुणे आले की सांडपाणी एकदम वाढतं, एरवी मोठा प्रकल्प चालेल इतकं नसतंच.

बोरूसारख्या पाणगवताच्या वाफ्यातून पाणी गाळायची रीड बेड पद्धत कुणी चालवली आहे का? टाकीतला गाळ कुठे नेता? आणि रिकाम्या काचेच्या बाटल्या: विकायला बेटाबाहेर न्याव्यात तर बोटीचं भाडंही सुटत नाही. काच दळून बांधकामात वापरलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा, खाऱ्या हवेत यंत्र टिकलं का?