दोन दिवसांचं गोधडी शिबिर: बाराजणींत किती गोधड्या होतील?

धावदोरा_बीड
डिसेंबरात शनिवार-रविवार अंबाजोगाईला बाराजणी गोधड्या शिवायला जमणार आहोत. मशीनवर सगळ्यांचा हात बसलाय, हाताने गोधडी थोड्याच जणींनी शिवलीय. प्रत्येकीने आपापली पुरी करायची असा विचार आहे. माप ५ बाय ७ फूट, जुन्या सुती साड्या, तीन थर. जमेल का? घरून काय तयारी करून आणायला सांगू?

लातूरची_वाकळ
प्रत्येकी एक नाही जमणार, ताई. १५० सेंमी रुंदीत २ सेंमीवर ओळी धरल्या तर ७५ ओळी होतात, प्रत्येक २१० सेंमीची. म्हणजे दीडशे मीटरच्या वर धावदोरा (सुई वर-खाली घालत जाणारा साधा टाका). तासाला पाच मीटर धरले तरी एकटीला तीस तास लागतात. एका गोधडीला चौघी बसवा, चार बाजूंनी. प्रत्येकीच्या वाट्याला चाळीस मीटर येतात, दोन दिवसांत निवांत होतं. तीन गोधड्या धरा आणि त्या नीट पुऱ्या करा.

कापणं-जोडणं घरूनच करून आणायला सांगा, नाहीतर शनिवारची दुपार त्यातच जाते. सहावारीतून एक थर निघतो. नऊवारी लुगड्याचे २२० सेंमीचे तीन तुकडे पडतात, त्यांत दोन थर बसतात. फक्त एका थराची जोड दुसऱ्या थराच्या जोडीवर येऊ देऊ नका, तिथं सुई अडते आणि मोडते.

सुई_दाभण_परभणी
हिशेब बरोबर आहे. मला जास्त काळजी अंथरण्याची वाटते, कारण गोधडी बिघडते ती तिथंच. सतरंजीवर अंथरू नका, टाक्यात सतरंजीही शिवली जाते. झाडून पुसलेली फरशी घ्या. अस्तर उलटं अंथरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा, एकेक थर मधून कडेकडे तळहाताने सारत जा. मग वीत-वीतभर अंतरावर कच्चे टाके, म्हणजे थर धरून ठेवणारे तात्पुरते लांब टाके, आडवे आणि उभे. हे काम चौघींना दीड-दोन तास खातं. खाऊ द्या. कच्चे टाके विरळ पडले की कडेकडून शिवत येताना वरचा थर आत सरकत जातो आणि शेवटी मधोमध फुगा उरतो. तो मग उसवल्याशिवाय जात नाही.

सुई लांब आणि बारीक घ्या. दाभण नको, विरलेल्या साडीला भोकं पडतात. दोरा सुती, दुहेरी, हातभरच. लांब घेतला की पीळ पडून गाठी होतात. मेणावरून ओढून घेतला तर सरसर चालतो. एका गोधडीला साडेतीनशे-चारशे मीटर दोरा धरा. अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) प्रत्येकीने आपलं आणावं. सुया मोजून द्या आणि उठताना मोजून घ्या, गोधडीत राहिलेली सुई पुढे कुणाच्या तरी अंगात जाते.

लातूरची_वाकळ
कच्च्या टाक्यांचं शंभर टक्के खरं. पण नवख्या हातांना कडेकडून फिरत शिवायला देऊ नका. मधली ओळ आधी घाला, मग दोन्ही बाजूंना सरकत जा, म्हणजे ढिलाई बाहेर निघते. अशा वेळी दोघी-दोघी समोरासमोर बसतील. गोट, म्हणजे कडेची पट्टी, सगळ्यात शेवटी.

धावदोरा_बीड
समजलं, तीनच करतो. दोघी अस्तराला नवं मांजरपाट (जाडं सुती कापड) आणणार आहेत. चालेल?

सुई_दाभण_परभणी
चालेल, पण आधी गरम पाण्यात रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून. नव्या कापडात खळ असते आणि ते आकसतं. जुनी साडी आकसून बसलेली असते. तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि वर सुरकुत्या येतात. लाल आणि गडद निळ्या साड्यांवर ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग लागला तर ती साडी मधल्या थरालाही घेऊ नका, धुताना वर फुटतो. नायलॉन मिश्रणाच्या साड्याही वगळा, सुतावरून घसरतात आणि ओळ वाकडी जाते.