विनोदी मालिका कुठे संपते आणि गंभीर कुठे सुरू होते?

चहाबाज: भावाने आत्महत्या केली म्हणून शिकागोला परतून त्याचं कर्जात बुडालेलं सँडविचचं दुकान चालवणारा आचारी, ही ‘द बेअर’ या अमेरिकी मालिकेची गोष्ट. तिला जानेवारी २०२४ मध्ये एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं बक्षीस मिळालं, तेही सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचं! कोणत्या गटात उतरायचं हे हल्ली निर्मातेच ठरवतात म्हणे.

माझ्या मते हशा किंवा भागाची लांबी हे लक्षणच नव्हे. विनोदी मालिकेत भाग संपला की घडी पुन्हा होती तशी बसते. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’त शिऱ्याने कितीही घोळ घातला तरी पुढच्या आठवड्यात आबा, शेखर, श्यामल सगळे मूळ जागी. गंभीर मालिकेत मात्र घडलेलं मागे लागतं. ‘द बेअर’मध्ये भाऊ पहिल्या भागाआधीच गेलेला असतो, तरी मालिकाभर पिच्छा सोडत नाही. मग ती विनोदी कशी?

फोडणी: असहमत. या हिशेबाने आपल्या रोजच्या मालिका तुफान विनोदी ठरतील. शुक्रवारी नायिकेच्या खिरीत विष. सोमवारी ती सत्यनारायणाला नऊवारी नेसून हजर, आणि विष घालणारी जाऊबाई तीर्थ वाटतेय!

चहाबाज: हाहा, हे मात्र खरं. पण तो रोजचा रतीब घालायच्या सक्तीचा परिणाम, प्रकाराचा नव्हे.

जुनाजाणता: ‘मॅश’ कुणी पाहिलीय का? कोरियन युद्धातल्या फिरत्या लष्करी इस्पितळावरची विनोदी मालिका, मागे ध्वनिमुद्रित हशा. फक्त शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हशा लावायचा नाही, असं ठरलं होतं. पात्रं तीच, टोमणेही तसेच. पण जखमीला टाके घालताना मारलेला टोमणा हशाशिवाय ऐकला की अंगावर येतो. सगळा फरक सांगण्यात आहे. आणि घडी बसण्याचं म्हणाल, तर १९७५ मध्ये त्या इस्पितळाचा प्रमुख हेन्री ब्लेक घरी निघतो आणि विमान पडल्याची बातमी येते. माणूस गेला तो गेलाच.

चहाबाज: त्याच्या जागी पॉटर हा नवा प्रमुख आला की! छावणी चालूच. तीन वर्षांचं युद्ध मालिकेत अकरा वर्षं चाललं, काका. याहून घडी कशी बसायची?

जुनाजाणता: पॉटर आल्याने ब्लेकचं दुःख पुसलं, असं वाटत असेल तर तो भाग पुन्हा बघा.

तिसरी घंटा: दोघंही उगाच खोलात शिरताय. ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ या बायकांच्या तुरुंगावरच्या मालिकेतल्या एकाच भूमिकेसाठी अभिनेत्री उझो अडुबाला २०१४ मध्ये विनोदी गटात एमी मिळालं, २०१५ मध्ये गंभीर गटात. मधल्या काळात तासाभराच्या मालिका गंभीर धरायचा नियम आला, इतकंच. गट म्हणजे बक्षीसवाल्यांची सोय.

फोडणी: बक्षिसांचं सोडा हो. दमून घरी आल्यावर काय लावायचं, हे मला गटावरूनच कळतं. ‘विनोदी’ म्हणून ‘द बेअर’ लावली आणि स्वयंपाकघरातली ती आरडाओरड ऐकून माझंच डोकं दुखायला लागलं. त्यापेक्षा टिपरे बरे.