मदत हवी आहे: सकाळी स्टार्टला खडखड, ऑइल फिल्टरमधल्या अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्वमुळे असेल का?

भल्यापहाटे
सकाळी पहिला सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद इंजिनातून खडखड येते. ऑइलचा लाल दिवाही तेवढा वेळ विझत नाही, मग सगळं शांत. दिवसभरात कितीही वेळा स्टार्ट करा, काही नाही. दोन आठवड्यांपूर्वीच्या सर्व्हिसपासून हे सुरू झालंय. मेकॅनिक म्हणतो, "गाडी जुनी झाली, आता असंच चालायचं." एकाने सांगितलं की फिल्टरच्या आत रबराचा व्हॉल्व असतो, तो खराब असेल तर रात्रभरात ऑइल खाली उतरतं. दुसरा म्हणाला ती नुसती जाहिरात आहे. खरं काय? फिल्टर बदलू का? ऑइल नवीनच आहे, ते फुकट घालवायचं नाहीये. प्लीज लवकर सांगा, तो आवाज ऐकला की पोटात गोळा येतो.

स्पॅनर
पेट्रोल की डिझेल? किती किलोमीटर झाले? ऑइलची ग्रेड कोणती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फिल्टर कसा बसलाय? तोंड वर, आडवा की उलटा? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जाडऑइल
२०डब्ल्यू-५० घाला आणि विसरून जा. जाड ऑइल खाली उतरतच नाही. माझ्या गाडीचा आवाज असाच गेला.

स्पॅनर
@जाडऑइल, व्हॉल्वमुळे फिल्टरचं भोक उघडं राहत असेल तर दहा तासांत जाड ऑइलही उतरतं. वर सकाळी गार असताना तेच ऑइल पंपाला ओढायला जड जातं, म्हणजे हेडपर्यंत, इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत, पोचायला आणखी उशीर. कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलं असेल तर तेच घालावं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गार असतानाचा, नंतरचा गरम असतानाचा.

जाडऑइल
पुस्तकातलं ज्ञान. मी वीस वर्षं हेच घालतोय.

भल्यापहाटे
पेट्रोल आहे, चार सिलिंडर, सव्वा लाख किलोमीटर. ऑइल ५डब्ल्यू-३०. फिल्टर आडवा आहे, ब्लॉकच्या बाजूला. ह्याने काय फरक पडतो?

रबरपॅकिंग
फार फरक पडतो. फिल्टरच्या तोंडाशी कडेने बारीक भोकं असतात, त्यातून ऑइल आत येतं. कागदातून गाळून मधल्या मोठ्या भोकातून इंजिनात जातं. कडेच्या भोकांवर आतून रबराची चकती बसलेली असते, तोच तुमचा व्हॉल्व. पंप चालू असताना दाबाने ती उचलली जाते, बंद झाला की परत बसते आणि ऑइल पंपातून खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरू देत नाही. तोंड वर करून बसवलेला फिल्टर वाटीसारखा भरलेलाच राहतो, तिथे व्हॉल्व नसला तरी फारसं बिघडत नाही. आडव्या किंवा उलट्या फिल्टरमध्ये मात्र चकती सैल असेल तर रात्रभरात ऑइल निघून जातं. सकाळी पंपाला आधी ती रिकामी जागा भरावी लागते, मग वर दाब तयार होतो. दोघांनी तुम्हाला दोन उलट गोष्टी सांगितल्या त्या म्हणूनच. दोघेही आपापल्या गाडीपुरते बरोबर असतील.

चकती दोन प्रकारची येते. नायट्राइल, बहुधा काळी. ती उष्णतेने हळूहळू कडक होते. आणि सिलिकॉन, बऱ्याचदा नारिंगी किंवा लाल. ती जास्त काळ मऊ राहते. आडवा फिल्टर असेल तर मी सिलिकॉनच घेतो.

टर्बोमित्र
गाडी लांबून आणली की बंद करण्याआधी मिनिटभर आयडलवर ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळतं. हे कुणीच सांगत नाही.

भल्यापहाटे
माझ्या गाडीला टर्बो नाहीये.

चेनचीकटकट
सगळे फिल्टरच्या मागे लागलेत. सव्वा लाखाला टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, पाहा. तोही ऑइलच्या दाबावर चालतो, दाब येईपर्यंत चेन सैल राहते आणि खडखडते. मी चार फिल्टर बदलले, शेवटी टेन्शनर निघाला. आवाज चेनच्या बाजूने येतो की हेडच्या वरून?

स्पॅनर
टेन्शनरचा मुद्दा बरोबर. पण नुसत्या टेन्शनरने दिवा जास्त वेळ जळत नाही. दिव्याचा स्विच साधारण अर्ध्या बारच्या खाली दाब असला की दिवा लावून ठेवतो. म्हणजे इथे दाबच उशिरा येतोय. शिवाय सर्व्हिसनंतर सुरू झालंय, सर्व्हिसमध्ये बदललं काय? फिल्टर. मेकॅनिकने दुसऱ्याच इंजिनाचा फिल्टर लावला नाही ना? आटे जुळले, पॅकिंगचा घेर जुळला की फिल्टर बसतो, पण ज्या इंजिनात तोंड वर असतं तिथल्या काही फिल्टरांत हा व्हॉल्व नसतोच. नंबर बघा.

जाडऑइल
दोन सेकंदांनी इंजिन मरत नाही. बेअरिंगवर ऑइलचा थर रात्रभर राहतो. उगाच घाबरवू नका.

रबरपॅकिंग
थर राहतो हे मान्य, म्हणूनच एका दिवसात काही होत नाही. पण रोज सकाळी, वर्षानुवर्षं? शिवाय दुरुस्ती म्हणजे एक फिल्टर बदलायचा. तोवर आवाज थांबेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका, एवढं तरी पाळा.

@भल्यापहाटे, ऑइल सगळं काढायची गरज नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा फिल्टर सकाळी स्टार्ट न करता खोला, खाली ट्रे धरा. आडवा फिल्टर भरलेला असेल तर सैल करताच ऑइलची धार लागते. चार थेंबच पडले तर तो रात्रीत रिकामा झाला. नवीन लावताना जुनं पॅकिंग ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून बघा. दोन पॅकिंग एकावर एक बसली तर सगळं ऑइल बाहेर येईल. नव्या पॅकिंगला ऑइलचं बोट लावा, टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा. पाना नको. मग डिपस्टिक बघून कमी पडेल तेवढं वर टाका.

पहिलाथेंब
नवीन फिल्टर आधी ऑइलने भरून लावा.

स्पॅनर
आडव्याला कसा भरणार, सगळं सांडेल. आणि मधल्या भोकातून ओतलेलं ऑइल न गाळता सरळ इंजिनात जातं.

पहिलाथेंब
सीलबंद डब्यातल्या नव्या ऑइलमध्ये काय कचरा असणार? तोंड वर असलेल्या फिल्टरला तरी भरूनच लावावा.

भल्यापहाटे
आज पहाटे खोलला. धार नाहीच, ट्रेमध्ये बशीभरसुद्धा ऑइल नव्हतं. कडेच्या भोकातून टूथपिकने रबर दाबून पाहिलं. काळं आहे, दाबलं की दबतं पण परत बसत नाही, एका बाजूने कड वर वळलेली दिसते. नवीन फिल्टरची चकती नारिंगी आहे, टूथपिक काढली की लगेच जागेवर येते. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर काही विचारायचंच उरलं नाही. सव्वातीनशे मिली ऑइल वर टाकावं लागलं.

रबरपॅकिंग
दोन आठवड्यांत चकती एवढी कडक होत नाही. तो आधीपासूनच पडून असलेला जुना माल असणार. उद्या सकाळी काय होतं ते नक्की कळवा.

भल्यापहाटे
तीन सकाळी झाल्या. दिवा आता सेल्फ सोडताच विझतो. खडखडही गेली, पण अगदी कान देऊन ऐकलं तर पहिल्या क्षणी एकदाच बारीक 'टर्र' येतं, चेनच्या बाजूने. @चेनचीकटकट, तुमचा टेन्शनर असाच सुरू झाला होता का? तुम्ही कव्हर उघडून बघितलं की बाहेरूनच कळलं?